होळीपुरती मोकळीक

“भाडखाऊ!” अर्पिता खिडकीतून ओरडली आणि धनसिंग नायकांची मोटरसायकल आमच्या दारातच थांबली. आमच्या बंजारा तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख ते, त्यांना कुणी उलटून बोलत नाही.

“बबिता, पोरीले आवर. नाही तं दार लावून ठेव,” ते मला म्हणाले.

दार लावलेलंच होतं हो! दोन वर्षं लावलेलंच आहे. नऊ वर्षांच्या माझ्या पोरीला या शिव्यांपायी शाळेतून परत पाठवलं, लग्नाच्या मांडवातून परत पाठवलं, आणि तिच्याबरोबर मीही आत बसले. यवतमाळचे डॉक्टर म्हणाले, तिचा मेंदूच तसा आहे, शिवी आपोआप तोंडातून निघते, ती मुद्दाम देत नाही. मारू नका, हसू नका, शिवीकडे लक्षच देऊ नका. मी नाही देत. पण तांड्यातली कार्टी खिडकीशी येऊन तिला चिडवतात, शिवी ऐकली की खिदळत पळतात. त्यांना काय सांगू, कपाळ?

सासूबाई म्हणाल्या, “होळी आठ दिवसांवर आली. त्या दिवशी आन तिले बाहेर. पाहू कोण बोलते!”

खरंच की! होळीला लेंगी गाणी गाताना आमच्या बायका पुरुषांना तोंडभर शिव्या देतात, नायकांनाही. त्या दिवशी कुणी राग धरत नाही. आठ दिवस मी हवेतच होते. पोरीला नवा फ्रॉक शिवला.

होळीला तिचा हात धरून नायकांच्या दारात उभी राहिले. डफ कडाडले. बायकांनी नायकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, नायक पोट धरून हसले.

“आता आमच्या अर्पीले बोलू द्या!” सासूबाई ओरडल्या.

अर्पितानं दोन्ही कान गच्च दाबले होते. डफाच्या आवाजानं ती नुसती थरथरत होती.

“बोल ना माय, आज बोल,” मी तिच्यापुढे बसून विनवलं. तिनं कान आणखीच घट्ट दाबले.

नायक म्हणाले, “पाह्य, राह्यते ना गुमान! मंग वर्षभर काहून नाही? तूच लाडावून ठेवली.”

माझ्या अंगाची लाही झाली. दोन वर्षांचा सगळा राग ओतून मी तीच शिवी त्यांच्या तोंडावर हासडली.

अख्खा तांडा हसला. “हां, अशी पाह्यजे!” म्हणत नायकही हसले. कुणीतरी आम्हा दोघींवर गुलाल उधळला.

घरी आलो. कडी मीच लावली. अर्पितानं हळूहळू कान सोडले, खिडकीशी गेली आणि बाहेर कुणीच नसताना बारीक आवाजात म्हणाली, “भाडखाऊ.”

मी लक्ष दिलं नाही. तिच्या केसांतला गुलाल झाडत बसले.