बासष्ट उतारूंची मेमरी

तेवीस वर्षं मुसेम्बीने केनियातल्या नैरोबी-मोम्बासा रस्त्यावर बस चालवली. साखरेच्या आजाराने उजवं पाऊल बधिर झालं, ब्रेकवर पाय आहे की नाही तेच कळेना, तेव्हा त्याने स्वतः जाऊन किल्ली मालकाच्या टेबलावर ठेवली. बायको त्याआधीच वारली होती. मचाकोस गावातल्या दोन खोल्यांत तो एकटा उरला आणि कॉम्प्युटरवर बसचा खेळ खेळू लागला. तिथे ब्रेक बोटाने लागतो.

मूळ खेळात रस्ते परदेशातले. पण नकुरू शहरातल्या काही हौशी लोकांनी त्यावर मोम्बासा रस्ता चढवला होता, गोरखचिंचांसकट, उलट्या बाजूने अंगावर येणाऱ्या ट्रकांसकट. शिवाय बसमध्ये उतारू, प्रत्येकाचा चेहरा वेगळा. मुसेम्बीने सगळंच घेतलं. मग दर खेपेला अर्ध्या वाटेवरचं म्तितो अंदेई गाव आलं की पडदा थिजायचा आणि खेळ बंद पडायचा.

शेवटी त्याने कॉम्प्युटरचा डबा बायकोच्या कांगात, बाळ पाठीशी बांधायच्या त्या कापडात, गुंडाळला आणि माताटू मिनीबसने बाजारात नेला. कंडक्टर म्हणाला, "बाबा, बाळाचं अर्धं तिकीट पडेल हं!"

दुरुस्तीवाल्या जेरोनोने डबा उघडला, खेळ लावला आणि आकडे बघत बसली.

"बाबा, आठ जीबी रॅम आहे तुमची. म्तितोला पोचेपर्यंत ती काठोकाठ भरते. मग मशीन तरी काय करणार?"

"मग किती घालू?"

"सगळे सोळा घालतात. पण खेळावर तुम्ही चढवलेल्या या भारंभार जोडण्या... थांबा." तिने दुसऱ्या मशीनमधल्या रॅमच्या पट्ट्या काढून तात्पुरत्या बसवल्या आणि पुन्हा मोजलं. "एकोणीसच्या वर जातंय. सगळं खातायत ते हे उतारू. निम्मे काढा, सोळात आरामात चालेल."

"कुणाला उतरवू?"

ती हसली. "अहो बाबा, चित्रं आहेत ती!"

"असू देत. बासष्टची बस आहे. अर्धी रिकामी घेऊन मी कधी निघालो नाही."

जेरोनोने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग पुढे वाद न घालता सोळाच्या दोन पट्ट्या बसवून दिल्या.

शनिवारी सकाळी चहाचा कप शेजारी ठेवून तो निघाला. म्तितो अंदेई आलं आणि मागे पडलं. दुपारी बस मोम्बासाच्या थांब्यावर लागली. दार उघडलं. एकेक उतारू उतरला. कुणी सामानावरून भांडलं नाही, कुणी "दमलास का रे ड्रायव्हर" म्हटलं नाही. बासष्टही जण भिंतीपाशी जाऊन नाहीसे झाले.

त्याने म्वादिमेला फोन लावला. तो अकरा वर्षं त्याच्या बसवर कंडक्टर होता, आता त्याच रस्त्यावरच्या वोई गावी लेकीकडे राहत होता.

"मोम्बासाला पोचलो."

"त्या खेळातल्या ना? टायर पंक्चर झाला का तरी?"

"नाही."

"मग कसला रस्ता तो! बरं, वोईला कुणाला सोडलंस?"

मुसेम्बी अडखळला. "वोईला थांबा नाहीये. नुसते डोंगर काढलेत."

पलीकडे लेकीच्या पोरांचा गलका चालला होता.

"म्हणजे आम्ही तुझ्या रस्त्यावर नाहीच," म्वादिमे म्हणाला. "अरे म्हाताऱ्या, खऱ्या बसने ये की. तिकीट काढून, माणसासारखा."

"मागच्या सीटवर बसून?"

"खिडकीची देतील."

"बघू," मुसेम्बी म्हणाला.

"तीन वर्षं बघतोयस," म्वादिमे म्हणाला आणि पोरांना ओरडत त्याने फोन ठेवला.

सकाळचा चहा कधीच निवला होता. पडद्यावर परतीच्या बसमध्ये माणसं चढायला लागली होती. शेवटचा माणूस चढेपर्यंत मुसेम्बी थांबला, मग त्याने दार लावलं आणि बस नैरोबीच्या दिशेला काढली.