पंचवीस हजार, वळीसकट

शालिकराम काकांचं सायकलचं दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली, तरी अमरावतीत जुनी सायकल घेणारा माणूस त्यांना दाखवल्याशिवाय पैसे मोजत नसे. त्यामुळे कुलदीप सकाळीच दारात गाडी घेऊन उभा राहिला, तेव्हा काकांना नवल वाटलं नाही. कुलदीप जुन्या सायकली धुंडाळायचा, नीट करायचा आणि फोटो टाकून पुण्या-बंगलोरकडच्या शौकिनांना विकायचा.

"अकोल्याले एक टूरिंग सायकल हाय, काका. विलायती, हातानं बनवलेली. बाई एकटीच हाय, मालक वारले. तुमी फक्त पाहा अन् मले डोळ्यानं सांगा. भावाचं मी बोलतो. दोन हजार तुमचे."

काकांनी चप्पल चढवली. दोन हजारांपेक्षा विलायती टूरिंग सायकल हे शब्द त्यांना ओढून नेत होते. उभ्या जन्मात तशा दोनच त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या.

अकोल्यात रुख्मिणीबाईंचं घर छोटं आणि टापटीप होतं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, शेजारी यजमानांचा, सहदेवरावांचा, पोस्टाच्या गणवेशातला फोटो. बाई शाळेत शिक्षिका होत्या, निवृत्त होऊन दहा वर्षं झालेली. त्यांनी मागच्या खोलीतून स्वतःच सायकल ढकलत आणली.

"शहाऐंशी साली घेतली त्यांनी," त्या म्हणाल्या. "एक गोरा पाहुणा जगाच्या फेरीवर निघाला होता. इथं काविळीनं पडला अन् घरी परत जायला निघाला. त्याच्याकडून बाराशेला घेतली. मग दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाले यांची सायकल दीक्षाभूमीवर. जाताना दोन दिवस, येताना दोन दिवस."

काका उकिडवे बसले. बाटलीसारखा गडद हिरवा रंग मूळचाच होता. नळ्यांच्या जोडांवर पानासारखी नक्षी होती, तिच्या कडेनं कुणीतरी बारीक ब्रशनं सोनेरी रेघ ओढलेली. चामड्याची सीट एका माणसाच्या बसण्यानं घडली होती. मागचं कॅरिअर, दांड्यावरचे गिअर बदलायचे खटके, सगळं जिथल्या तिथं होतं. टायर तडकले होते, पण ते काय, बदलता येतात.

मग सवयीनं त्यांचं बोट हँडलखालून पॅडलकडे उतरणाऱ्या तिरप्या नळीच्या पोटावरून फिरलं आणि थांबलं. हँडलच्या जोडामागं, जेमतेम बोटभर अंतरावर, रंगाखाली एक वळी होती, लोखंडाला पडलेली सुरकुती. डोळ्याला सहजी दिसत नव्हती, बोटाला कळत होती.

"हवा भरा जरा," ते म्हणाले. "चालवून पाहतो."

कुलदीप हसला. "काका, गुडघा?"

गुडघा दुखलाच. पण गल्लीच्या टोकापर्यंत जाताना अडुसष्ट वर्षांच्या त्या माणसाला आपण पॅडल मारत आहोत असंच वाटेना. सायकल आपणहून पुढं निघत होती. वळल्यावर त्यांनी दोन्ही हात हँडलवरून सोडले. सायकल हळूच, न ऐकल्यासारखी, डावीकडे ओढू लागली. मार लागलेली होती. पुढचं चाक धरणारा चिमटाही मागं सरकला होता. उतरताना त्यांना वाईट वाटलं, आपलीच वस्तू बिघडल्यासारखं.

घरात कुलदीपनं बोलणं सुरू केलं होतं. "टायर गेले, गंज हाय, सामान मिळत नाई. दहा हजार देतो, बाई. दुसरा कोनी इतके देनार नाई."

"माझा भाचा म्हणतो, इंटरनेटवर अशीले लाख रुपये सांगतात." रुख्मिणीबाई काकांकडे वळल्या. "भाऊ, तुम्ही जाणते दिसता. तुम्ही सांगा."

कुलदीपनं डोळे वटारले. काकांनी त्याच्याकडे पाहिलं. गाडी त्याची, दोन हजार त्याचे. पण विचारणारीनं सरळ विचारलं होतं, आणि या प्रश्नाचं खोटं उत्तर देण्याची त्यांच्या जिभेला सवय नव्हती.

"दहा कमी होतात," ते म्हणाले. "धड असती तं मी पन्नास म्हटलं असतं. पन लाख बी नाई, बाई. हे पाहा."

त्यांनी बाईंचं बोट धरून त्या वळीवर टेकवलं. "समोरून जोरात आदळली हाय ही. मालक पडले होते काय?"

"ते कधीच पडले नाहीत," बाई लगेच म्हणाल्या. मग त्यांनी बोट वळीवरून पुन्हा फिरवलं. "कधीची असंल ही?"

"रंगाच्या चिरेत गंज मुरला हाय. पंधरा-वीस वर्षं तरी."

रुख्मिणीबाई खुर्चीत बसल्या. "एका वर्षी ते रेल्वेनं परत आले. सायकल सामानाच्या डब्यात टाकून. म्हणाले, वारा उलटा होता. मग दोन वर्षं गेलेच नाहीत. गुडघा दुखतो म्हणायचे. मी टोमणे मारायची, साहेब झाले म्हणून दीक्षाभूमी विसरले. चारचौघांतसुद्धा बोलली." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "पडलो म्हटलं असतं, तर मी सायकलीले कुलूप लावलं असतं. ते त्यांना माहीत होतं."

कुलदीप खाली पाहत होता.

"तिसऱ्या वर्षी गेले का?" काकांनी विचारलं.

"गेले. मग सात वर्षं गेले. याच सायकलीवर." बाई किंचित हसल्या. "भाऊ, आता किती म्हणता?"

"पंचवीस. चिमटा सरळ होईल, वळी राहील. ती धरून पंचवीस."

"काका, माहं काय उरते मंग?" कुलदीप कळवळला.

"तुलेच पाहाचं हाय ते. नसंल परवडत तं नको घेऊ."

लाखाच्या आशेवरून पंचविसावर उतरायला बाईंना वेळ लागला. त्या आत गेल्या, पाणी घेऊन आल्या. "देते," त्या कुलदीपला म्हणाल्या. "पण तू ज्याले विकशील त्याले ही वळी दाखवायची. लपवून विकणार असशील तर राहू दे."

कुलदीपनं सायकलीभोवती दोन फेऱ्या मारल्या, सोनेरी रेघेवरून अंगठा फिरवला आणि फोन काढून पैसे पाठवले.

परतताना कुलदीपनं मूर्तिजापूरला गाडी थांबवली. तिथं चहा घेताना त्यानं दोन हजार काकांच्या हातात कोंबले. "माह्यासोबत आले होते तुमी. अन् बोलले तिच्याकडून."

"तिले तं लाखावरून खाली आनलं मी. ते कोनाकडून बोललो?"

"पुढच्या टायमाले दुसऱ्याले नेईन," कुलदीप पुटपुटला.

"ने," काका म्हणाले. पण त्या रात्री गुडघ्याला तेल लावताना त्यांना रुखरुख लागून राहिली. बाईंना किंमत सांगायला गेलो आणि न मागितलेलं काहीतरी त्यांच्या पदरात टाकून आलो. सांगायला नको होतं काय? पण वळी न सांगता पन्नासाचे पंचवीस कसे केले असते?

पाचव्या दिवशी कुलदीप सायकल घेऊन दारात आला. "चिमटा सरळ करून द्या."

काका जुनी पेटी उघडायला वाकले.

"फोटो टाकले मी," कुलदीप म्हणाला. "वळीचा बी टाकला. दोघं पाहून गुपचूप पळाले. नाशिकचा एक मास्तर हाय, तो रोज फोन करून राहिला. भाव नाई विचारत. ज्याची सायकल होती तो मानूस वळी पडल्यावर किती वर्षं चालवत होता, ते विचारते."

"मंग काय सांगतलं?"

"म्हटलं, सात. बाईले फोन करून पक्कं केलं आधी."

काकांनी पुढचं चाक काढून भिंतीला टेकवलं, चिमटा हातात घेतला आणि एक डोळा मिटून उजेडाकडे धरला.