तिसरी वाट

दोनदा नापास झालेली धाकटी यंदा जीव मुठीत धरूनच प्रात्यक्षिकाला बसली होती. आज पास झाली नाही तर दुरुस्ती केंद्रातली जागा हातची जाणार होती. टेबलावर दहा हजार ओहमचे दोन रेझिस्टर. एकापाठोपाठ जोडले की सरळ बेरीज. समांतर जोडले की करंटला दोन वाटा मिळतात आणि रोध निम्मा, पाच हजार. शेंबडं पोरही सांगेल.

तिने समांतर जोडले. मीटरवर चार हजार.

तिने आधी स्वतःचे हात पाहिले. मोजताना तारांची टोके बोटांत धरली की माणूसच तिसरी वाट होऊन बसतो आणि आकडा उतरतो. ही नवशिक्यांची चूक. पण तिचे हात मांडीवर होते, तारा चिमट्यांनी धरलेल्या.

ही चूक जन्मभर केली ती ताईने. धाकटीला सगळे शिकवले तिनेच, घरच्या टेबलावर, आणि टोके दरवेळी बोटांत. धाकटी ओरडायची, "ताई, हात काढ! तूच जोडली गेलीस बघ!" ताई हसायची आणि तशीच धरून राहायची. ती जाऊन आता वर्ष होत आले होते.

धाकटीने मीटर बदलून घेतला. चारच हजार. गणित मांडले, तर जास्तीची वाट निघाली वीस हजारांची. दोन्ही रेझिस्टर काढून तिने चिमटे रिकामेच टेबलावर ठेवले. मधे नुसती हवा, तरी वीस हजार. मग एकोणीस, अठरा. बोटे घट्ट आवळली की आकडा असाच उतरतो.

ती घाबरली. तरी तिथून हलावेसे काही वाटेना.

परीक्षक शेजारच्या टेबलाशी आले. तिने रेझिस्टर परत लावले. चार हजार.

"ताई," ती पुटपुटली, "हात काढ ना गं. माझी जागा जाईल."

आकडा क्षणभर रेंगाळला, मग हळूहळू चढत पाच हजारांवर थांबला.

"बरोबर. झालात तुम्ही पास," म्हणत परीक्षकांनी सही केली आणि ते पुढे गेले.

तिने घाईघाईने रेझिस्टर उपटले.

"ताई, झालं माझं. धर आता."

रिकाम्या चिमट्यांवर मीटर काहीच दाखवेना. जन्मात कधी न ऐकणाऱ्या ताईने नेमके आजच तिचे ऐकले होते.