न मोजलेल्या शेळ्यांची नावं

मी एक जुना फोन आहे. बटणांचा, अंगठ्याएवढ्या पडद्याचा. मित्रांनो, हसू नका. न्यिरो डोंगराच्या पायथ्याशी, आम्हा सांबुरू पशुपालकांच्या वस्तीत, माझ्याइतका मान आजवर दुसऱ्या कुठल्याही फोनला मिळालेला नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही. बरं, थोडी फुशारकी आहे.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला, पण माझं आयुष्य खरं सुरू झालं ते तालुक्याच्या गावी भरलेल्या शिबिरात. तिथे प्रत्येक वस्तीतून एक माणूस बोलावला होता. आमच्या वस्तीतून आली नाइतेमू. ती चौथीपर्यंत शिकलेली होती आणि तिला शेळीच्या डोळ्यांत पाहूनच तिचं दुखणं कळायचं. जनावरांमध्ये रोग दिसला की माझ्यावरून निरोप पाठवायचा, मग गुरांचे डॉक्टर म्वाकिओ लस घेऊन येणार, असं तिथे ठरलं. नाइतेमूने मला मण्यांच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवलं आणि दोन दिवस चालत घरी आणलं.

आमच्याकडे रेंज फक्त एका मोठ्या खडकावर येते. दर सोमवारी नाइतेमू त्यावर चढायची. खाली तिचे म्हातारे वडील लेकुर्तुत काठीवर रेलून उभे असायचे.

"काय गं, हा डबा दूध किती देतो?" ते विचारायचे.

"बाबा, हा दूध देत नाही, निरोप देतो."

"मग याला सावलीत कशाला ठेवतेस? माझ्या म्हाताऱ्या उंटिणीला ठेव."

मी मुकाट ऐकून घ्यायचो. माझेही दिवस येतील, हे मला ठाऊक होतं.

आता माझ्या आयुष्यातली चूक सांगतो. राजधानीतल्या कुणा हुशार माणसाने निरोपाचा तक्ता बनवला होता. शेळ्या किती? आजारी किती? मेल्या किती? पण आमच्यात जनावरं मोजत नाहीत. लेकरंही मोजत नाहीत. मोजलं की नजर लागते, दावण रिकामी होते. हे शिबिरात कुणी विचारलं नाही आणि नाइतेमूने सांगितलं नाही, कारण एवढी साधी गोष्ट शिकल्यासवरल्या माणसांना सांगायची कशी? तक्त्यातली जागा मोकळी सोडली तर मी निरोपच पुढे जाऊ द्यायचो नाही. म्हणून ती प्रत्येक जागी शून्य दाबायची. मीही इमानाने शून्य पोहोचवत राहिलो. तिकडे कचेरीत सगळे खूश, की या वस्तीत रोगाचा मागमूस नाही.

आणि त्या वर्षी शेळ्यांना रोग आला. नाकं वाहू लागली, तोंडात फोड आले, हगवण लागली. नाइतेमूची लेकरं शेळीच्या दुधावर होती. तिने तीन सोमवार निरोप पाठवला. शून्य, शून्य, शून्य. गाडी आली नाही. शेवटी तिने खडकावरून डॉक्टर म्वाकिओंना फोनच लावला.

"ताई, तुमच्याकडे तर सगळं ठीक दिसतंय," डॉक्टर म्हणाले.

"ठीक कसलं! शेळ्या मरताहेत!"

"अरे देवा. किती?"

नाइतेमू हळूच म्हणाली, "डॉक्टर, असं विचारतात का कुणाला?"

"अहो, लस बर्फात घालून आणायची असते. कुपी उघडली की लगेच संपवावी लागते. जास्त आणली तर वाया जाईल, कमी आणली तर तुमच्या शेळ्या लसीविना राहतील. मोजायला नको?"

"मग लस मोजा ना! शेळ्या कशाला मोजता?"

डॉक्टरांना हसावं की रडावं कळेना. फोन ठेवला गेला. नाइतेमू खडकावर बसून रडली. मी तिच्या मुठीत होतो आणि मला माझीच लाज वाटत होती. एवढी बटणं असून काय उपयोग?

तेव्हा लेकुर्तुत काठी टेकत खडकावर चढले. आयुष्यात पहिल्यांदाच. संध्याकाळी शेळ्या काटेरी कुंपणातून आत येताना ते दाराशी उभे राहतात. एखादी मागे राहिली तर आकडा न घेताही त्यांना कळतं, कारण प्रत्येकीला ते नावाने ओळखतात.

"पोरी, याच्यात नावं मावतात का?" त्यांनी विचारलं.

"मावतात, बाबा."

"मग लिही. मोजायचं पाप तो डॉक्टर करील."

ते डोळे मिटून सांगू लागले. काळ्या पाठीची. लांब कानाची. पावसात जन्मलेली. मावशीने दिलेली. एकशिंगी. दुपार होईपर्यंत नाइतेमूचा अंगठा माझ्या बटणांवर चालत होता. एक निरोप भरला की दुसरा. माझी बॅटरी तळाला गेली, तरी मी हूं की चूं केलं नाही. शेवटचं नाव पोहोचलं आणि मगच मी डोळे मिटले. त्या दिवसाइतका अभिमान मला कधीच वाटला नाही.

तिसऱ्या दिवशी गाडी आली. डॉक्टर म्वाकिओंच्या हातात माझे सगळे निरोप कागदावर उतरवलेले होते. त्यांनी हजेरी घ्यावी तशी नावं वाचायला सुरुवात केली. त्यांचे उच्चार ऐकून बायका पोट धरून हसत होत्या. एकेक शेळी पुढे येत होती, सुई टोचून घेत होती.

"लांब कानाची!" डॉक्टरांनी पुकारलं.

कुणी पुढे आलं नाही.

"लांब कानाची?"

बायकांचं हसू थांबलं. लेकुर्तुत म्हणाले, "पुढचं नाव घ्या, साहेब."

अशी आणखीही नावं निघाली. किती, ते मी सांगणार नाही. मीही याच वस्तीचा आहे.

पण कळप वाचला. लेकरांच्या वाटीत दूध आलं. डॉक्टरांनी राजधानीत भांडून तो तक्ता बदलून घेतला. आता आमच्याकडून नावं जातात आणि तिकडची यंत्रं मोजत बसतात. आजूबाजूच्या वस्त्याही तसंच करतात. मित्रांनो, याची सुरुवात माझ्या या झिजलेल्या बटणांपासून झाली, हे विसरू नका.

आता नाइतेमूला मोठ्या काचेचा नवा फोन मिळालाय. मी झोपडीत खुंटीला असतो. माझी मागची पट्टी दोऱ्याने बांधली आहे. परवा तिच्या मुलाने मला हातात घेतलं. "आई, हा जुना टाकून देऊ का?"

उत्तर लेकुर्तुतांनी दिलं. "आण इकडे. आधी वाच त्यातलं."

पोरगा एकेक नाव वाचत गेला. म्हातारा दाराकडे तोंड करून ऐकत होता. लांब कानाची या नावापाशी पोरगा थांबला. "आजोबा, ही कुठेय?"

"इथेच की," ते म्हणाले आणि मला त्याच्या हातातून अलगद काढून घेतलं.

म्हणून सांगतो मित्रांनो, जुनी वस्तू फेकण्याआधी ती एकदा उघडून वाचा. कुणीतरी फक्त तिच्यातच उरलेलं असतं.