भोंगा म्हणाला, "माझं"

बसा हो, घाईत असाल तरी बसा. गोष्ट लहान आहे, पण उभ्यानं ऐकायची नाही.

विद्यापीठात एक खोली होती, पोरांना नोकरीला लावून देणारी. तिथले साहेब गेले ते गेलेच, जागेवर कुणी आलं नाही. मग तिघांनीच गाडा ओढायला घेतला. ताई वयानं मोठी. हबकलेल्या पोरांना समोर बसवून धीर द्यायची. फौजदार, हे नाव पोरांनीच ठेवलेलं, सरावाची खोटी मुलाखत घेऊन त्यांचा घाम काढायचा. आणि भोंगा कंपन्यांना फोन लावायचा. आवाज असा की फोन नसता तरी भागलं असतं.

ताईनं एक रीत घालून दिली होती. काम आलं की ज्याला झेपेल त्यानं मोठ्यानं म्हणायचं, "माझं." मग दुसऱ्यानं त्यात हात घालायचा नाही, झालं का म्हणून विचारायचंही नाही.

"विचारलंत की साहेब झालात," ताई म्हणायची.

पुढे ताईच दवाखान्यात पडली. तिनं खोलीत फोन केला. "येऊन जा रे एकदा कुणीतरी. भिंतीशी किती बोलू?"

"माझं!" भोंगा ओरडला.

"तोंडानं येतोस का पायानं?" ताई हसली.

तेवढ्यात भरतीचा मेळावा तोंडावर आला. भोंग्याचा उद्या परवावर गेला. पोरं लागली की ती बातमी घेऊनच जाऊ, असं त्यानं मनाशी धरलं. फौजदाराचा पाय रोज तिकडे ओढायचा, पण रीत म्हणजे रीत.

पोरं लागली. भोंगा धावत गेला, तर खाटेवरची गादी गुंडाळलेली.

"शेवटपर्यंत दार वाजलं की मान वळवायच्या," नर्स म्हणाली. "माझी माणसं कामात आहेत, म्हणायच्या."

खोलीत आल्यावर त्यानं फौजदाराला विचारलं, "तू तरी गेला होतास ना रे?"

"तू 'माझं' म्हणाला होतास ना."

टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं.

दारात एक हबकलेली पोरगी कागद घेऊन उभी होती. दोघांनी ताईच्या खुर्चीकडे पाहिलं. 'माझं' कुणीच म्हणालं नाही. भोंगा उठला, तिच्यासमोर जाऊन बसला आणि जन्मात पहिल्यांदा हळू बोलला, "बस बाळ."

झाली गोष्ट. आता एवढं करा, कुणाला 'येतो' म्हणून ठेवलं असेल, तर आधी तिकडे जाऊन या. चहा माझ्याकडे नंतर घ्या.