सावळीरामचा धप्पा

जुन्या नाशकात रंगपंचमीला रहाड उघडतात. रहाड म्हणजे गल्लीच्या मधोमध जमिनीत बांधलेला हौद. वर्षभर फळ्या-मातीखाली झोपलेला, त्या दिवशी मात्र रंगाच्या पाण्याने काठोकाठ. पूजा झाली की पहिली उडी, म्हणजे धप्पा, मानाचा. टपालखात्यातला लठ्ठ सावळीराम हा मान वर्षानुवर्षं राखून होता. त्याने अंग टाकलं की पहिल्या मजल्यावरच्या बायका पदर सावरत आत पळायच्या.

अठ्ठ्याहत्तर साली त्याची हाडं कुरकुरायला लागली. जिना चढताना गुडघे असे वाजायचे की शेजारी दार उघडून "कोण?" विचारायचे.

डॉक्टर म्हणाले, "ड जीवनसत्त्व कमी पडतंय. ऊन घ्या, वजन उतरवा. उन्हाने अंगात जे तयार होतं, ते तुमची चरबीच दाबून बसते. हाडांना मिळतं थोडंच."

"म्हणजे आमच्या साहेबांसारखं! वरून आलेलं मधेच जिरतं."

"वजन उतरवा."

सावळीराम हबकला. वजन उतरवलं तर धप्पा गेला! पुंजा नावाचा काटकुळा शिंपी मानावर टपलेलाच होता. पुंजा पडला तर पाण्याला पत्ताही लागला नसता. तेव्हा सावळीरामने तोड काढली: चरबी आहे तशी ठेवायची, आणि तिला अजीर्ण होईल इतकं ऊन खायचं.

तो गच्चीवर उघडाबंब पसरू लागला.

"वत्सलाबाई," शेजारच्या बयाबाईंनी गच्चीवरून खाली हाक मारली, "कुरडयांना जागा नाही हो! तुमचा पापड उचला की जरा!"

वत्सलाबाईंनी नवऱ्याला वाळवणाच्या राखणीला बसवून मिटवलं. कावळे फिरकेनात. खूश होऊन बायका राखणदाराला कुरडईचा गरम चीक देत, तेलात बुडवलेल्या पापडाच्या लाट्या देत. हाडांसाठी जेवढं ऊन आत जाई, तेवढीच नवी चरबी त्याच्या स्वागताला उभी राही.

रंगपंचमीला सावळीराम काठावर आला आणि गुडघा वाकेना.

"दादा, सरका," पुंजाने धोतर खोचलं. "उडी होत नाही ना?"

"उडी होत नाही. पण पडता येतंय."

"पडणं म्हणजे धप्पा नव्हे!"

गल्लीत दोन तट पडले. पूजेला बसलेले कारभारीबुवा म्हणाले, "पाण्याला काय रे, उडी काय नि पडणं काय?" पुंजा म्हणाला, पाण्याला नसेल, पण रीत म्हणून काही आहे की नाही? आवाज चढत गेले.

तेवढ्यात वत्सलाबाई मागून आल्या. "अहो, नाक धरा," म्हणाल्या, आणि दोन्ही हातांनी ढकललं.

दुसऱ्या मजल्यावरची वाळत घातलेली सतरंजी केशरी झाली. कारभारीबुवांचं निरांजन विझलं. मग रहाडीतून एक केशरी डोकं वर आलं.

"लागलं का हो?"

"छे! गुडघ्यांना विचारलंच नाही." सावळीरामने तोंडातला रंग थुंकला. "ये रे पुंजा, आता तुझा नंबर."

पुंजाने वाकून आत पाहिलं, तळाशी जेमतेम घोटाभर रंग उरला होता, आणि तो बादल्या आणायला घरी गेला.