हात उचलला का?

पोरगं वाया गेलं की आपल्याकडे एकच औषध: लग्न लावून द्या, आपोआप सुधारतो. सुधारतो की नाही, हे त्या सुनेला कोणी विचारत नाही. नागपुरातल्या एका व्यसनमुक्ती रुग्णालयाने मात्र ते विचारायचे ठरवले, आणि तिथेच घात झाला.

विचारण्याचे काम मधुवंतीकडे होते. ती डॉक्टर नव्हे, संख्याशास्त्रज्ञ. दारू सोडवून घरी पाठवलेल्यांपैकी घरात मारहाण कोण करेल, याचा अंदाज बांधणारे रिग्रेशन मॉडेल तिने तयार केले होते. वय, नोकरी, किती वर्षे पितो, लग्न झाले आहे का, असे एकेक कारण त्यात घालायचे. कुठल्या कारणाला किती वजन, ते मॉडेल सांगणार. खरी मारहाण झाली का, हे कळायला दर महिन्याला घरी फोन. लग्न झालेल्याची बायको उत्तर देणार, न झालेल्याची आई. ‘हो’ म्हणजे एक, ‘नाही’ म्हणजे शून्य.

आयांनी पोरांच्या तोंडावर सांगितले, “मारते ना जी, मेला!” बायका म्हणाल्या, नाही. आणि मॉडेलने निकाल दिला की लग्न झालेला माणूस सहसा हात उचलत नाही. विभागप्रमुख डॉ. सुमंत हरखून गेले. “आपले वाडवडील काय मूर्ख होते?” असे चारचौघांत म्हणाले, आणि लग्न झालेल्यांना लवकर घरी सोडायचा नियमच करून टाकला. मधुवंतीलाही अभिमान वाटला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळ्या नेहमीच शहाण्या दिसतात.

कळमेश्वरच्या एमआयडीसीत फिटर असलेला गोविंदा असाच लवकर सुटला. वॉर्डात त्याने एका अटेंडंटचा जबडा मोडला होता, पण त्याचे लग्न झालेले होते ना! त्यानंतर काही महिन्यांनी, एका दुपारी मधुवंतीने नेहमीप्रमाणे त्याच्या घरी फोन लावला. तो त्याची बायको गुंजन हिने घेतला.

“गेल्या महिन्यात त्यांनी तुमच्यावर हात उचलला का?”

“नाई जी. चांगले राह्यतात.”

मधुवंतीने शून्य टाकले. आभार मानायला तिने तोंड उघडले, तोच पलीकडे पुरुषाचा आवाज आला, “हे असं काहून विचारून राहिली वं? काय सांगून आली तू दवाखान्यात?” मग लोखंड हाडावर बसल्यासारखा आवाज. किंकाळी सुरू झाली आणि फोन बंद पडला.

मधुवंतीच्या आत्ता लक्षात आले. फोन स्पीकरवर होता. गोविंदा शेजारीच उभा होता, आणि तिचा प्रश्न त्याने शब्दन् शब्द ऐकला होता.

तिने पोलिसांना फोन केला, पत्ता दिला आणि हेल्मेट उचलले. डॉ. सुमंत दारातच भेटले. सगळे ऐकून म्हणाले, “ती ‘नाही’ म्हणाली ना? मग नोंद शून्यच. पोलिसगिरी आपलं काम नव्हे.”

“ती मरेल, सर!”

“बरं, जा. उरलेले फोन मी करतो. मॉडेलवरचा पेपर उद्या जर्नलला पाठवायचाय.”

ती नुसती धावली. काटोल नाका कधी मागे पडला ते तिला कळले नाही. गुंजन जिवंत असू दे, एवढेच ती स्कूटरवर पुटपुटत होती.

दार आतून लावलेले होते. तिने लाथा घातल्या तेव्हा गोविंदाने उघडले. हातात जाडजूड पाना, त्याला केस चिकटलेले. तोंडाला दारूचा वासही नव्हता. औषध लागू पडले होते, माणूस तसाच होता.

“या मॅडम,” तो म्हणाला. “तुमीच पुसलं ना, हात उचलला का? पाहून घ्या.”

गुंजन गॅसच्या ओट्याखाली अंग चोरून बसली होती. कानातून रक्त मानेवर उतरत होते आणि एक मनगट भलतीकडेच वळले होते. मधुवंतीच्या देखत त्याने वळून तिच्या बरगडीत लाथ घातली.

मधुवंतीला आयुष्यात पहिल्यांदा कोणाचा तरी जीव घ्यावासा वाटला. तिने हेल्मेट दोन्ही हातांनी फिरवले आणि त्याच्या तोंडावर हाणले. नाक फुटले. तिने पुन्हा हाणले. त्याने तिचे केस धरून तिचे डोके चौकटीवर आपटले, पाना वर उचलला, आणि तेवढ्यात गुंजनने खालून त्याचा पाय धरून दातांनी पोटरी फोडली. तो ओरडत कोसळला. भिंतीपलीकडून रोज हे ऐकणारे शेजारी आज धावत आले, कारण आज शहरातली बाई मार खात होती. त्यांनी त्याला दाबून धरले आणि पोलीस येईपर्यंत यथेच्छ तुडवले.

रुग्णवाहिकेत गुंजनच्या छातीतून घरघर येत होती, पण ती शुद्धीवर होती. मधुवंतीने कपाळावरचे रक्त पुसत विचारले, “मला फोनवर एकदा तरी सांगायचं होतं गं. का नाही सांगितलं?”

“फोन त्याचाच हाय जी. माह्या हातात देते अन् स्पीकर लावते.” ती दम घ्यायला थांबली. “दवाखान्यातून आल्यावर मंधात तं मारनं बंद झालं होतं, मॅडम. मंग तुमचा फोन आला. तवापासून, ज्या रोजी तुमचा फोन, त्या रोजी मार.”

दर महिन्याचे ते फोन मधुवंतीनेच लावले होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार काय असतो, तो ती घरोघरी स्वतः पोचवत होती आणि वर शून्य लिहीत होती. तिने डॉ. सुमंतांना फोन लावला.

“सर, फोन थांबवा! एकही लावू नका!”

“अगं, झालेसुद्धा!” ते खुशीत होते. “सगळ्या बायकांशी बोललो. एकीनेही ‘हो’ म्हटलं नाही. मॉडेल आणखी पक्कं झालं बघ.”

तिने फोन खाली केला. गुंजन तिच्याकडेच बघत होती.

“काय म्हणते जी ते?”

“सगळ्या ‘नाही’ म्हणाल्या.”

“मंग आता मार खाऊन राहिल्या असतीन,” गुंजन म्हणाली आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवले.